रकान्यातले नाव

आमच्या घरी पत्र्याची एक जुनी पेटी आहे. ती दादांची, म्हणजे अब्बांच्या वडिलांची. तिला कुलूप नाही, कारण तिच्यात चोरण्यासारखे काही नाही. पोस्टाचे पासबुक, घरपट्टीच्या पावत्या, एक फाटके रेशनकार्ड आणि शाळा सोडल्याचे दाखले, एवढाच ऐवज. गेल्या वर्षी आमच्या धाकट्या भावाच्या मुलीला बारावीनंतर नर्सिंगला प्रवेश घ्यायचा होता, तेव्हा ही पेटी उघडावी लागली.

आम्ही पिंजारी. कापूस पिंजून गाद्या-रजया भरणे हा दादांचा धंदा. महाराष्ट्रात पिंजारी जात इतर मागासवर्गाच्या यादीत आहे. पण यादीत असणे वेगळे आणि आपण त्या यादीतले आहोत हे कागदावर सिद्ध करणे वेगळे. पडताळणीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. मोठ्या उमेदीने आम्ही दादांचा चौथीचा दाखला काढला आणि एका कार्यालयात नेऊन दिला. टेबलामागच्या साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला, एका रकान्यावर बोट ठेवले आणि शांतपणे विचारले, "गुरुजी, यात जात कुठे आहे?"

रकाना होता 'धर्म व जात'. त्यात सुंदर वळणदार अक्षरात एकच शब्द लिहिला होता : मुसलमान.

आम्ही अब्बांचा दाखला पुढे केला. त्यात होते 'मुस्लिम'. आमच्या स्वतःच्या दाखल्यात 'इस्लाम'. तीन पिढ्या, तीन शब्द, आणि पिंजारी एकातही नाही. साहेबांचा आवाज चढला नाही, त्यांनी अपमानही केला नाही. फक्त म्हणाले, "हा धर्म झाला. जातीचा कागद आणा." पुतणी शेजारी उभी होती. परतताना रिक्षात ती म्हणाली, "बडे अब्बा, आपण पिंजारी आहोत हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे. मग कागदालाच का माहीत नाही?"

बी.एड. झालेल्या आणि उर्दू शाळेत इतिहास शिकवणाऱ्या आम्हाला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

कागद शोधायचा तर दरेकशाला जाणे भाग होते. आमचे बालपण तिथले. गोंदियाहून हावड्याच्या दिशेने गाडी निघाली की आमगाव, सालेकसा आणि मग दरेकसा. त्यापुढे डोंगर, बोगदा आणि छत्तीसगड. स्टेशन लहान, आजूबाजूला जंगल. जवळच हाजरा धबधबा आहे. अम्मीला त्या नावावरून बीबी हाजरा आठवायच्या आणि पावसाळ्यात धबधब्याचा आवाज मोठा झाला की ती झमझमची गोष्ट सांगायला बसायची. आमच्या लहानपणी हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. 1 मे 1999ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला.

दादा खांद्यावर पिंजण घेऊन टोल्याटोल्यावर फिरत. घरी आम्ही तिला धुनकी म्हणत असू. तिच्या तातेचा टणटण आवाज आला की बायका जुन्या गोधड्या-रजया बाहेर काढत. आमच्या घराला गावात 'पिंजाऱ्याचं घर' म्हणत. बाजारात कोणी आम्हाला विचारले, "कोणाचा गा तू?" तर आम्ही सांगत असू, "पिंजाऱ्याचा." तेवढ्याने ओळख पटायची. पुढचा प्रश्न येत नसे.

पलीकडच्या टोल्यावर एक गोंड आजा राहायचा. दादांचा तो शाळेतला सोबती. तो दादांना 'तुरुक' म्हणायचा. "ये गा तुरुका, बस," अशी हाक मारायचा आणि दादा हसत ओसरीवर टेकायचे. त्या हाकेत विष नव्हते. हिवाळ्यात दादा त्याची रजई भरून द्यायचे, मोहाच्या दिवसांत त्याच्याकडून मोहफुले आणि जंगलातला मध यायचा. हिशेब कधी झाला नाही.

पुढे शिक्षणासाठी आम्हाला गोंदियाला मामूंकडे ठेवले. उर्दू शाळेत नाव घातले. तिसरी-चौथीत असू. सुट्टीत दरेकशाला आलो, तेव्हा आजाने नेहमीप्रमाणे भाजलेले कंद पुढे केले. आम्ही हात मागे घेतला आणि मोहल्ल्यातल्या मोठ्या मुलांकडून नुकताच शिकलेला एक शब्द त्याच्यासमोर उच्चारला. तो शब्द होता 'काफिर'. आजाला अर्थ कळला की नाही, सांगता येत नाही. पण आवाजातला तिरस्कार कळायला भाषा लागत नाही. त्याने कंद खाली ठेवला.

दादांनी मारले नाही. दुसऱ्या दिवशी एक नवी भरलेली रजई आमच्या डोक्यावर दिली आणि टोल्यापर्यंत चालत नेले. वाटेत एवढेच म्हणाले, "बेटा, तो मला तुरुक म्हणतो तेव्हा जवळ बसवतो. तू त्याला जे म्हणालास ते दूर ढकलायला म्हणालास. नाव कुठले, यापेक्षा ते कशासाठी घेतले, हे अल्लाह पाहतो." दादा चौथी शिकलेले. त्यांनी तफसीर वाचली नव्हती. सूरह हुजुरातच्या 11व्या आयतीत एकमेकांना वाईट टोपणनावांनी हिणवण्याची मनाई आहे, हे आम्ही पुष्कळ वर्षांनी वाचले. पण त्याचा सबक आम्हाला त्या वाटेवर, डोक्यावर रजईचे ओझे असताना मिळाला होता.

तर आम्ही दरेकशाला उतरलो. माघ पौर्णिमा जवळ आलेली. कचारगडच्या यात्रेसाठी पिवळे दुपट्टे घेतलेली माणसे स्टेशनवर उतरत होती. कचारगडची विशाल गुहा दरेकशापासून काही किलोमीटरवर, धनेगावच्या पुढे डोंगरात आहे. गोंड समाजाची श्रद्धा अशी की, या गुहेत कोंडलेल्या मुलांना पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी बाहेर काढले आणि तिथून त्यांच्या पुनेमाची, म्हणजे धर्ममार्गाची, सुरुवात झाली. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा अनेक राज्यांतून माणसे येतात. एकमेकांना भेटली की 'जय सेवा' म्हणतात.

आजा आता नाही. दादाही नाहीत. आजाचा मुलगा आहे, त्याला आम्ही काका म्हणतो. आमची अडचण ऐकून काका आत गेला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद घेऊन आला. आजाचा दाखला. शाळा तीच, अक्षर तेच वळणदार. 'धर्म व जात' या रकान्यात लिहिले होते : हिंदू गोंड.

"पाहा बाबू," काका म्हणाला, "तुह्या दादाचा आन् माह्या बाचा दाखला एकाच मास्तरानं लिहला. तुमची जात गेली, आमचा धरम गेला."

आम्ही दोन्ही दाखले शेजारी ठेवून बराच वेळ पाहत बसलो. शाई एकाच दौतीतली असावी. मास्तरांच्या मनात काही वाईट असेल असे आम्हाला वाटत नाही. समोर दोन पोरे उभी होती. एकाच्या बापाचे नाव अरबी, दुसऱ्याच्या बापाचे नाव गोंडी. मास्तरांनी विचारले नसेल, कारण विचारण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटलेच नसेल. एकाचा धर्म दिसला, त्याच्यामागे त्याचा धंदा आणि जात झाकली गेली. दुसऱ्याची जात दिसली, तिच्यासमोर धर्माचा आयता शब्द जोडला गेला.

त्या रात्री आम्ही काकाकडेच राहिलो. तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेला नाही. इतिहास शिकवतो म्हणून थोडीफार पुस्तके हाताशी होती, ती या दृष्टीने पुन्हा चाळली. धर्म पाळणाऱ्या माणसांना जी नावे मिळाली, ती कोणी दिली? वाचत गेलो तसतसे लक्षात आले की पुष्कळ नावे आधी शेजाऱ्याने दिली, आणि ती देताना त्याच्या मनात धर्म नव्हताच.

'हिंदू' हाच शब्द घ्या. मूळ सिंधू नदीचे नाव. इराणी जिभेवर 'स'चा 'ह' झाला. इसवी सनापूर्वी पाचशेच्या सुमारास सम्राट दारयवहूच्या शिलालेखांत 'हिंदुश' हे एका प्रांताचे नाव म्हणून येते. नदीपलीकडचे ते हिंदू. पुढे अरबांनी साऱ्या देशाला 'हिंद' म्हटले. अरबस्तानात 'हिंद' हे मुलीचेही नाव होते. उम्मुल मोमिनीन हजरत उम्मे सलमा यांचे मूळ नाव हिंद होते, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत नसते. वर्गात हे सांगितले तेव्हा मुली एकमेकींकडे पाहून हसल्या. एक म्हणाली, "सर, मग हे नाव आपण का नाही ठेवत?"

'यवन' शब्दाचा प्रवास याहून लांबचा. आयोनिया हा ग्रीकांचा प्रदेश. इराण्यांनी त्याला 'यौन' म्हटले, आपल्याकडे झाले 'यवन'. लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यातल्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांनी बौद्ध संघाला दान दिल्याचे लेख कोरलेले आहेत. त्या वेळी हजरत मुहंमद पैगंबरांच्या (स.) जन्माला अजून काही शतके अवकाश होता. पुढे हाच शब्द मराठी बखरींत आणि शाळेच्या पुस्तकांत मुसलमानांसाठी वापरला गेला. ग्रीक गेले, नाव उरले, आणि ते आमच्या दारावर लागले.

महाराष्ट्राच्या भूमीवरच्या जुन्या नोंदींत मुसलमान माणूस कोणत्या नावाने येतो, हे पाहिले तर आश्चर्य वाटते. आजच्या पालघर जिल्ह्यात चिंचणी येथे राष्ट्रकूटांच्या काळातला ताम्रपट सापडला. शके 848चा, म्हणजे इ. स. 926चा. राजा तिसरा इंद्र. त्याच्या वतीने संजान प्रांताचा कारभार पाहणारा अधिकारी होता 'मधुमती'. हे मुहंमद नावाचे संस्कृत रूप, असे अभ्यासक मानतात. त्याला ताम्रपटात 'ताजिक' म्हटले आहे. अरबांसाठीचा हा शब्द 'तय्य' नावाच्या अरब कबिल्यावरून इराणमार्गे आला. या मधुमतीने नदी उतरण्यासाठी मोफत होड्या ठेवल्या, वाटसरूंसाठी अन्नछत्र घातले आणि देवीच्या एका मठाला दिलेल्या जमिनीला त्याची संमती होती, असे त्यात लिहिले आहे. त्याचा धर्म कोणता, हे लिहिण्याची लेखकाला गरज वाटली नाही. तो कुठला आणि त्याने काय केले, एवढेच लिहिले.

सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथ महाराजांनी 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. त्यातही दुसरा बोलणारा 'तुर्क' आहे. म्हणजे आजा दादांना ज्या नावाने हाक मारत होता, ते चारशे वर्षांपूर्वीच्या मराठीतले नाव होते. टोल्यावर ते जपून राहिले, शहरात पुसले गेले.

मराठीने आपल्याला आणखी एक नाव दिले, ते 'अविंध'. ज्याचे कान टोचलेले नाहीत, तो अविंध. शेजारच्या बाळाचे कान टोचतात, यांच्या बाळाचे टोचत नाहीत, हे कोणा बाईच्या नजरेने टिपले असेल. काही लेखकांनी तो शब्द तुच्छतेने वापरला. पण श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद, 'योगसंग्राम'चे कर्ते, यांनी तो स्वतःसाठी वापरला. दुसऱ्याने दिलेले नाव त्यांनी अंगाखांद्यावर घेतले आणि त्यातली बोच काढून टाकली. हे सर्वांना जमत नाही.

कोकणातल्या बेने इस्राईल यहुद्यांचेही तसेच. तेल गाळणारी ही माणसे शनिवारी घाणा बंद ठेवत. शेजाऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. 'बेने इस्राईल' म्हणजे इस्राईलची मुले, हे त्यांचे स्वतःचे नाव. शेजाऱ्यांनी धर्मग्रंथ विचारला नाही. त्यांनी धंदा पाहिला आणि सुट्टीचा वार पाहिला. पारशांना त्यांच्या पार्स प्रांतावरून नाव मिळाले. हजरत ईसांच्या अनुयायांना 'ख्रिस्ती' हे नाव प्रथम अंताकिया शहरात मिळाले, असे त्यांच्याच धर्मग्रंथात लिहिले आहे.

काही नावे मात्र आतून आलेली आहेत. शीख म्हणजे शिष्य. जैन म्हणजे जिनाचा अनुयायी. मुस्लिम म्हणजे स्वतःला अल्लाहच्या स्वाधीन करणारा. सूरह हजच्या 78व्या आयतीत हे नाव खुद्द अल्लाहने दिल्याचे सांगितले आहे. 'मुसलमान' हे त्याचेच फारसी वळण. इंग्रजांनी मात्र आपल्याला 'मोहमेडन' केले, जणू ख्रिस्ती जसे ख्रिस्ताचे, तसे आपण मुहंमदांचे उपासक. गंमत अशी की सर सय्यद यांनी 1875 साली अलिगढला काढलेल्या शिक्षणसंस्थेच्या नावातही तोच शब्द चालला. 1920 साली विद्यापीठ झाले तेव्हा तो जाऊन 'मुस्लिम' आला. आपले नाव आपल्याला परत मिळवायला पंचेचाळीस वर्षे लागली.

आमच्या विदर्भात तर नाव स्वतः निवडण्याचा सर्वांत मोठा प्रसंग घडला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तरीही कागदोपत्री 'नवबौद्ध' हा शब्द चालूच राहिला. आमचे एक बौद्ध सहकारी एकदा म्हणाले, "माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली. मी तिसऱ्या पिढीतला. हे 'नव' आमच्या मागून कधी जाणार?" आम्ही चहाचा कप हातात धरून गप्प बसलो.

आणि गोंड? 'गोंड' हे नाव तेलुगूतील 'कोंडा' म्हणजे डोंगर या शब्दावरून आले, असे एक मत आहे. म्हणजे तेही शेजाऱ्याने दिलेले. ते स्वतःला कोइतूर म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ माणूस असा सांगतात. 1901च्या जनगणनेत इंग्रजांनी आदिवासींच्या धर्माला 'ॲनिमिझम' म्हटले, 1931 साली 'आदिम जमातींचे धर्म' म्हटले. 2011च्या जनगणनेच्या फॉर्मवर सहा धर्मांना आकडे होते. ज्यांचा धर्म त्यात नव्हता, त्यांच्या धर्माचे पूर्ण नाव लिहायचे, अशी सूचना होती. त्या जनगणनेत सुमारे 79 लाख लोकांची नोंद 'इतर धर्म आणि पंथ' यात झाली. त्यांत सरना म्हणणारे सुमारे 49 लाख आणि गोंड धर्म सांगणारे सुमारे 10 लाख होते. म्हणजे जागा होती. फक्त लिहिणाऱ्याने विचारायला हवे होते आणि सांगणाऱ्याने न घाबरता सांगायला हवे होते.

नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली (1949–2015) यांनी कोया पुनेमावर आयुष्यभर लिहिले आणि कचारगडची यात्रा उभी करणाऱ्यांत ते होते. त्यांचे मूळ नाव मोतीराम. ते त्यांनी स्वतः बदलून मोतीरावण केले. कोणाला पटो न पटो, पण माणूस आपल्या नावासाठी किती दूर जाऊ शकतो, हे यातून दिसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना काकाने आम्हाला एक कोडे घातले. "बाबू, नागपूर कोणं वसवलं, सांग."

"बख्त बुलंद शाहने. 1702 साली."

"तो कोण?"

"देवगडचा गोंड राजा."

"आन् नाव काहून असं?"

"औरंगजेबाच्या काळात त्याने इस्लाम कबूल केला होता."

काका हसला. "मंग त्याचा दाखला का लिहला असता तुह्या मास्तरानं? गोंड का मुसलमान?"

आम्हीही हसलो. पण परतताना मन हसत नव्हते. बख्त बुलंद गोंड राहून मुसलमान झाला. आम्ही मुसलमान असून पिंजारी आहोत. आमच्या बिरादरीने 'मन्सूरी' हे नाव घेतले, ते मन्सूर हल्लाजवरून. हल्लाज म्हणजे कापूस पिंजणारा. 922 साली बगदादेत ज्याला मृत्युदंड दिला, त्या सूफीचे नाव आमच्या पूर्वजांनी अभिमानाने लावले, कारण त्यात धंदाही होता आणि दीनही. दोन्ही एकत्र राहू शकतात, हे त्यांना कळत होते. रकान्याला तेवढी जागा नव्हती.

कागदाचा शोध शेवटी काकानेच लावून दिला. त्याने विचारले, "कोतवाल पंजी पाह्यली का?" पूर्वी आमच्या भागात गावातल्या जन्ममृत्यूची नोंद कोतवाल ठेवायचा. ती जुनी रजिस्टरे तहसिलीच्या अभिलेखांत असतात. अर्ज केला, फी भरली, तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला सन 1941च्या पानावर दादांच्या धाकट्या भावाच्या जन्माची नोंद सापडली. बापाचे नाव आणि त्यापुढे ओबडधोबड अक्षरात जात : पिंजारा. धर्माबद्दल एक अक्षर नाही. चार ओळी खाली दुसऱ्या एका घरची नोंद होती, तिथे नुसते 'गोंड'.

ते पान पाहून डोळे भरून आले, हे सांगायला आम्हाला संकोच वाटत नाही. कोतवाल फार शिकलेला नसणार. पण तो दारोदार फिरत होता. पिंजणाचा आवाज त्याने ऐकला होता, कदाचित त्याची रजईही आमच्या पणजोबांनी भरली असेल. त्याने जे पाहिले ते लिहिले. मास्तर शिकलेले होते, त्यांनी रकान्याने जे मागितले ते लिहिले. आम्हीही मास्तरच आहोत. म्हणून ही तुलना आम्हाला बोचते.

वाचकहो, नावे दुसऱ्याने देऊच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. कोणाचेच नाव कोणी स्वतः ठेवत नाही. अजान कानात पडते तेव्हा बाळाला बोलता येत नसते. सूरह हुजुरातच्याच 13व्या आयतीत सांगितले आहे की माणसांची कुळे आणि जमाती केल्या त्या परस्परांची ओळख पटावी म्हणून. ओळख हा हेतू आहे. ओळख असेल तर 'तुरुक' ही हाकसुद्धा घरात बोलावते. ओळख नसेल तर 'मुसलमान' हा शुद्ध शब्दही कुणाची जात, कुणाचा धंदा, कुणाच्या मुलीचे शिक्षण झाकून टाकतो. आणि हे फक्त आमच्याबाबत घडले असे नाही. आम्हीही दुसऱ्यांना झाकले आहे. 'काफिर' या शब्दाचा मूळ धातूच झाकणे हा आहे. बी मातीत झाकतो म्हणून अरबीत शेतकऱ्यालाही हा शब्द लागतो, आणि सूरह हदीदच्या 20व्या आयतीत तो त्याच अर्थाने आला आहे, असे अनेक मुफस्सिर सांगतात. कंद पुढे करणाऱ्या आजाला आम्ही तो शब्द फेकून मारला, तेव्हा झाकणारे आम्ही होतो.

आजा गेला तेव्हा आम्ही डी.एड.च्या परीक्षेत होतो. माफी मागायची राहून गेली. या वेळी काकाजवळ विषय काढला. तो म्हणाला, "बा सांगत होता. पोरगं शहरात जाऊन एक नवा शब्द शिकून आलं, म्हने. रजई मात्र उबदार होती."

आता शाळेत आम्ही एक लहानशी सवय लावून घेतली आहे. पाठात कोणत्याही समाजाचे नाव आले की मुलांना विचारतो, "हे लोक स्वतःला काय म्हणतात?" नववीच्या मुलांनी तक्ता केला. एका बाजूला लोकांनी दिलेली नावे, दुसऱ्या बाजूला त्यांची स्वतःची. गोंडपुढे कोइतूर, शनिवार तेलीपुढे बेने इस्राईल, मोहमेडनपुढे मुस्लिम. एका मुलाने खाली स्वतःहून लिहिले, 'आमच्या गल्लीतले लोक ज्यांना अमुक म्हणतात', आणि पुढची जागा रिकामी ठेवली. म्हणाला, "सर, त्यांना विचारून मग लिहितो." त्या दिवशी आम्हाला पगार मिळाल्यापेक्षा जास्त समाधान मिळाले.

पुतणीची फाईल कोतवाल पंजीच्या नकलेसह दाखल केली. फाईल जमा झाल्याची पावती पुतणीने पेटीत ठेवली, दादांच्या दाखल्याच्या शेजारी. दादांचा दाखला आम्ही दुरुस्त करून घेतला नाही. त्यातले 'मुसलमान' खोटे नाही. ते फक्त अपुरे आहे.

2021ची जनगणना कोरोनामुळे लांबली आणि 2027वर गेली. जनगणना म्हटली की दारोदार जायला शिक्षकच लागतात. आम्ही निघताना काका स्टेशनपर्यंत आला होता. यात्रेकरूंची गर्दी होती, गाडीला वेळ होता. तो म्हणाला, "बाबू, मोजणीला तू आला तं बरं होईल."

"आमची नेमणूक इकडे होणार नाही, काका."

"जिथं होईल तिथं," काका म्हणाला, "लिहाच्या आधी विचारजो."

गाडी आली. आम्ही त्याला 'जय सेवा' म्हटले. तो म्हणाला, "सलाम, तुरुका."